एंटर दाबण्याआधी

घरात सगळं निवांत झालं की बसा. उबुंटू असलेला लॅपटॉप पुढ्यात घ्या, टर्मिनल उघडा आणि हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवा. डॉकर बसवायला एरवी पाच-दहा मिनिटं पुरतात. ओळी कॉपी करायच्या, पेस्ट करायच्या, एंटर दाबत पुढे जायचं. आज त्याच कामाला तासभर देऊ. प्रत्येक ओळीपाशी थांबायचं, ती काय करणार आहे हे मनात नीट उमटू द्यायचं आणि मगच बोट हलवायचं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

कर्सर लुकलुकतोय. अजून काहीही बसवलेलं नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्या: डॉकर ज्यांना चालवतं त्या कंटेनरचं सगळं सामान या मशीनमध्ये आधीपासून आहे. एखाद्या प्रोसेसला फाइल सिस्टिमचा एक तुकडाच ‘हे सगळं जग’ म्हणून दाखवायचा, ही सोय क्रूट या नावाने युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 1979 साली आली. प्रोसेसला काय दिसावं याची सीमा आखणारा नेमस्पेस लिनक्समध्ये पहिल्यांदा 2002 मध्ये दाखल झाला. कोणत्या प्रोसेसने किती मेमरी आणि किती सीपीयू वापरायचा याला आवर घालणारे सीग्रुप्स गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006 मध्ये लिहायला घेतले आणि जानेवारी 2008 मध्ये ते कर्नलच्या 2.6.24 आवृत्तीत आले. सॉलोमन हाइक्स यांनी सँटा क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत काही मिनिटांच्या भाषणात डॉकर पहिल्यांदा लोकांना दाखवलं ते मार्च 2013 मध्ये. म्हणजे तोवर लाकूड कापून, रंधून तयार होतं.

विश्वास बसत नसेल तर डॉकरशिवायच करून पाहू. टाइप करा: सुडो अनशेअर --फोर्क --पिड --माउंट-प्रोक बॅश. एंटर. दिसायला काहीच बदललं नाही, प्रॉम्प्टही जवळजवळ तसाच. आता पीएस -ईएफ म्हणा. क्षणापूर्वी इथे शेकडो ओळी आल्या असत्या: ब्राउझर, साउंड, प्रिंटर, कोण कोण. आता दोनच. एक बॅश, जिचा क्रमांक 1, आणि दुसरी ही पीएस स्वतः. बाकीच्या प्रोसेस गेल्या नाहीत, ब्राउझर मागे चालूच आहे. या बॅशला त्या दिसत नाहीत, एवढंच. या दोन ओळींकडे थोडा वेळ पाहत राहा. कंटेनर म्हणजे काय याचं निम्मं उत्तर त्यांत आहे. मग एक्झिट म्हणा आणि बाहेर या.

आता बसवायला घेऊ. यातली सर्वांत दुर्लक्षित पायरी आधी येते, आणि माझ्या मते थांबण्याची खरी जागा तीच आहे. डॉकरच्या सर्व्हरवरून एक छोटी फाइल आपण उतरवून घेतो आणि /ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज या फोल्डरमध्ये ठेवतो. ती जीपीजी की. मग सोर्सेसच्या यादीत एक नोंद करतो: अमुक पत्त्यावरची पॅकेजेस या कीने सही केलेली असतील तर घे. लोक ही पायरी विधीसारखी उरकतात. पण पाहा, आपण काय करतोय. पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. म्हणजे आजपासून, ही की ज्यांची आहे त्यांनी पाठवलेला कोड प्रत्येक अपग्रेडला या मशीनवर सर्वाधिकाराने चालेल. आपण एका अनोळखी माणसाची सही ओळखीची मानली. मानू नये असं नाही. कुणावर तरी विश्वास टाकल्यावाचून कॉम्प्युटर चालूच होत नाही. पण टाकतोय हे ठाऊक असावं. एक श्वास घ्या, आणि ठाऊक असू द्या.

ज्यांना तो विश्वास नव्या ठिकाणी टाकायचा नाही, त्यांना उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात डॉकर.आयओ नावाचं पॅकेज मिळतं. साधं ‘डॉकर’ हे नाव डेबियनमध्ये सिस्टिम ट्रेच्या एका जुन्या छोट्या प्रोग्रामने आधीच घेऊन ठेवलं होतं, म्हणून हे शेपूट. तिसरी वाट म्हणजे कर्लने स्क्रिप्ट आणायची आणि थेट शेलच्या तोंडात ओतायची. सरावाच्या मशीनवर चालेल. गिऱ्हाईकाच्या सर्व्हरवर नको. डॉकरवालेच आपल्या कागदपत्रांत तसं बजावतात, तरी लोक करतात.

सुडो एपीटी इन्स्टॉल, आणि पुढे पाच नावं: डॉकर-सीई, डॉकर-सीई-सीएलआय, कंटेनरडी.आयओ, आणि बिल्डएक्स व कंपोज हे दोन प्लगइन. एंटर दाबा. ओळी सरकतायत तोवर या नावांकडे पाहू. आपण ‘डॉकर रन’ म्हणतो तेव्हा वाटतं की एकच प्रोग्राम सगळं करतो. प्रत्यक्षात सीएलआय हा फक्त निरोप्या. तो एका सॉकेटवर निरोप ठेवतो. तो उचलते डॉकरडी ही मागे अखंड बसलेली सेवा. ती सांगते कंटेनरडीला. कंटेनरडी एक छोटा सांभाळकर्ता उभा करतो, ज्याला शिम म्हणतात. आणि नेमस्पेस, सीग्रुप्स जुळवून प्रत्यक्ष प्रोसेस सुरू करण्याचं काम करतो रनसी. प्रोसेस सुरू झाली की रनसी निघून जातो. चालू कंटेनर असलेल्या मशीनवर प्रोसेसची यादी काढून पाहा: डॉकरडी सापडेल, कंटेनरडी सापडेल, प्रत्येक कंटेनरमागे शिम सापडेल. ज्याने कंटेनर जन्माला घातला तो रनसी मात्र कुठेच नसेल.

प्रॉम्प्ट परत आला. आता ‘सुरू करणं’ या गोष्टीशी थोडं रेंगाळू.

सुडो सिस्टिमसीटीएल स्टेटस डॉकर. उबुंटूवर आणि डेबियनवर इथे बहुधा हिरव्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’ दिसेल, कारण तिथे पॅकेज बसता बसता सेवा सुरूही होते. फेडोरावर तसं होत नाही. तिथे बसवलेलं डॉकर निजलेलंच असतं आणि आपल्याला ते उठवावं लागतं. उठवण्याचे शब्द दोन आहेत: स्टार्ट आणि एनेबल. स्टार्ट म्हणजे आत्ता. एनेबल म्हणजे दर वेळी मशीन चालू होईल तेव्हा. पहिला दुसऱ्याला बांधील नाही. स्टार्ट केलेली सेवा रीबूटनंतर गप्प राहू शकते, आणि नुसती एनेबल केलेली सेवा या क्षणी बंदच असते. दोन्ही हवं असेल तर सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ डॉकर.

एक तिसरी पायरीही आहे, जी रात्री तीन वाजता लोकांना कळते. सर्व्हर रीबूट होतो, डॉकर वर येतं, स्टेटस हिरवं, आणि साइट मात्र बंद. कारण सेवा उठली, पण तिच्या आतल्या कंटेनरला उठायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. कंटेनरचं रीस्टार्ट धोरण मुळात ‘नो’ असतं. उठावा असं वाटत असेल तर सुरू करतानाच --रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड असं सांगावं लागतं.

थांबवतानाही अशीच गंमत. सिस्टिमसीटीएल स्टॉप डॉकर म्हटलं की सेवा सांभाळणारा सिस्टिमडी एक इशारा देतो: सेवा थांबवतोय, पण डॉकर.सॉकेट अजून जागं आहे. म्हणजे दार उघडंच आहे. पुढच्या वेळी कुणी डॉकर पीएस म्हटलं की दारावरची ती थाप ऐकून सिस्टिमडी सेवेला पुन्हा उठवतो. खरंच थांबवायचं असेल तर सॉकेटही थांबवा. इशारा छोटासाच असतो आणि बहुतेक जण तो न वाचता टर्मिनल बंद करतात.

आता सुडो न लावता डॉकर पीएस म्हणून पाहा. परवानगी नाकारली. /व्हार/रन/डॉकर.सॉक हे सॉकेट रूटचं आणि ‘डॉकर’ नावाच्या गटाचं आहे. आपण दोन्हींत नाही. इंटरनेटवर उपाय लगेच मिळतो: यूजरमॉड लावून स्वतःला त्या गटात घाला, लॉगआउट करून परत या. उपाय बरोबर आहे. पण एंटरवरचं बोट इथे परत एकदा उचला.

डॉकर गटात असलेला माणूस डॉकरडीला काहीही सांगू शकतो, आणि डॉकरडी रूट म्हणून चालते. ‘या मशीनची अख्खी डिस्क कंटेनरच्या आत जोड आणि मला आत रूट म्हणून सोड’ असं एका ओळीत सांगता येतं, आणि ती मुकाट्याने ऐकते. पासवर्ड नाही, सुडोच्या नोंदवहीत नोंद नाही. म्हणून डॉकर गटात घालणं म्हणजे रूट करणंच, फक्त पाटी वेगळी. आपल्या एकट्याच्या लॅपटॉपवर खुशाल करा. पण ऑफिसच्या सामायिक सर्व्हरवर ‘त्याला नुसतं डॉकर वापरू दे’ असं सांगून कुणाला त्या गटात घातलं जातं, तेव्हा घालणाऱ्याला आपण काय दिलं ते कळलेलं असतंच असं नाही. ज्यांना हा सौदा नको त्यांच्यासाठी डॉकरचा रूटलेस प्रकार आहे, आणि रेड हॅटचा पॉडमन आहे, ज्यात मागे बसलेली सेवाच नाही. 2019 मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 मध्ये तर डॉकरऐवजी पॉडमनच दिला गेला. मला स्वतःला घरच्या कामाला पॉडमन जास्त सुसंस्कृत वाटतो, पण उदाहरणं सगळी डॉकरची सापडतात, आणि शिकणाऱ्याने उदाहरणांच्या गावातच घर करावं.

चालवू. डॉकर रन हॅलो-वर्ल्ड.

ओळी सावकाश वाचा. इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा, इथे सापडली नाही. मग ती डॉकर हब या भांडारातून ओढली. मग एक छोटा मजकूर आला: तुमचं डॉकर नीट चाललंय असं दिसतं. आणि संपलं. काही किलोबाइटचा प्रोग्राम. बोलला आणि गेला. आता डॉकर पीएस म्हणा: यादी रिकामी. डॉकर पीएस -ए म्हणा: तिथे तो पडलेला आहे, ‘एक्झिटेड, शून्य’ असा शेरा घेऊन.

नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, माझा कंटेनर सुरू होऊन लगेच बंद का पडतो? प्रश्नामागे एक चित्र असतं: कंटेनर म्हणजे एक छोटं मशीन, चालू केलं की चालू राहणारं. ते चित्र इथे सोडून द्या. कंटेनर एका मुख्य प्रोसेसपुरताच जगतो. तिचं काम संपलं की त्याचं आयुष्य संपलं. डेटाबेसचा कंटेनर महिनोन्‌महिने चालतो कारण डेटाबेसची प्रोसेस तेवढा काळ वाट पाहत बसते. हॅलोला वाट पाहायची नव्हती.

यापुढचा भाग सर्वांत सावकाश करायचा आहे. डॉकर रन -इट --आरएम अल्पाइन एसएच. अल्पाइन या छोटेखानी लिनक्सची इमेज अगदी लहान, काही एमबींची, पटकन येते. आता तुम्ही आत आहात. पीएस म्हणा: क्रमांक 1 एसएच, आणि तिच्याखाली पीएस. मघाच्या अनशेअरसारखंच. होस्टनेम म्हणा: बारा अक्षरांचं एक विचित्र नाव. यूनेम -आर म्हणा, म्हणजे कर्नलची आवृत्ती. दुसरं टर्मिनल उघडून बाहेर तेच विचारा. आकडा तोच, शेवटच्या अक्षरापर्यंत. अल्पाइनचा म्हणून वेगळा कर्नल आत आलाच नाही.

वेदान्तात घटाकाश आणि मठाकाश असा एक जुना दृष्टान्त आहे. घड्यातलं आकाश वेगळं भासतं, मठातलं वेगळं भासतं. आकाश एकच, भिंतींमुळे भेद. आपल्या संतवाङ्‌मयात तो इतका मुरलाय की कंटेनर समजावताना मराठी माणसाला दुसरीकडे जावं लागू नये. तुमच्या अल्पाइनला वाटतं आपण एकटे, आपला क्रमांक एक. बाहेरच्या टर्मिनलवर डॉकर टॉप आणि कंटेनरचं नाव टाकून पाहा: तीच एसएच, पण क्रमांक पाच-सहा आकडी, शेकडोंच्या गर्दीतली एक. दोन्ही क्रमांक खरे. प्रोसेस एकच आहे.

आता आत डेट म्हणा. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असतील तर आत दुपारचे चार. घड्याळ बिघडलेलं नाही. कर्नलमध्ये वाहणारा काळ एकच आहे. पण तो कोणत्या गावाच्या हिशेबाने वाचायचा ही माहिती फाइलमध्ये असते, आणि भारतीय वेळेची ती फाइल या घड्यात कुणी ठेवलेली नाही. म्हणून यूटीसी. लॉग वाचताना साडेपाच तासांचा जो घोळ होतो तो इथला. तसंच डेबियनच्या कंटेनरमध्ये ‘मनन’ नावाची फाइल बनवून एलएस म्हटलं, तर देवनागरीऐवजी बॅकस्लॅश आणि आकड्यांची माळ दिसते. फाइलच्या नावातले बाइट शाबूत असतात. वाचण्याची रीत सांगितलेली नसते. लँग हे व्हेरिएबल सी.यूटीएफ-8 केलं की नाव जसंच्या तसं उमटतं.

आणखी एक पाहा. आत फ्री म्हणा. मेमरी किती दिसते? लॅपटॉपची अख्खी. कंटेनरला तुम्ही --मेमरी 512एम अशी मर्यादा घातली असती तरी फ्रीने अख्खीच दाखवली असती, कारण मेमरीचा तो तक्ता नेमस्पेसच्या पडद्यामागे जात नाही. प्रोसेस भरल्या कोठाराकडे बघून हात पसरते आणि मर्यादेला धडकताच कर्नल तिला मारतो. मागे शेरा उरतो: एक्झिट कोड 137. जावाच्या जुन्या आवृत्त्यांनी ही फसगत पुष्कळ भोगली. होस्टची, म्हणजे बाहेरच्या मशीनची, मेमरी बघून त्या आपल्या हीपचा आकार ठरवायच्या. जावा 10 पासून कंटेनरची मर्यादा ओळखायची सोय झाली आणि मग ती जावा 8 मध्येही मागे नेली गेली.

दृष्टान्त इथवर साथ देतो, पुढे सोडावा लागतो. आकाशाला तडा जात नाही, कर्नलला जातो. आणि घडा घडवणाऱ्यालाही. फेब्रुवारी 2019 मध्ये रनसीमध्ये एक दोष उघड झाला: कंटेनरच्या आतून होस्टवरचा रनसीच बदलून टाकता येत होता. जानेवारी 2024 मध्ये त्याच रनसीमध्ये आणि इमेज बनवणाऱ्या बिल्डकिटमध्ये आणखी दोष सापडले. त्यांना नाव पडलं लीकी व्हेसल्स. म्हणून ‘कंटेनरमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे वाक्य मनातून काढून टाका. भिंत आहे, पण ती वेगळ्या मशीनची भिंत नव्हे. कर्नल आणि डॉकर अपडेट ठेवणं हीच तिची डागडुजी.

नेटवर्कबद्दल थोडक्यात, पण हे विसरू नका: तुम्ही यूएफडब्ल्यूने फायरवॉल लावली असेल आणि कंटेनरचं पोर्ट -पी 8080:80 असं उघडलंत, तर डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितं आणि ते पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जगाला खुलं होतं. यूएफडब्ल्यूचं स्टेटस तरीही ‘डिनाय’च सांगत राहतं. फक्त आपल्याच मशीनपुरतं हवं असेल तर पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहा. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये 172.17 ने सुरू होणारे पत्ते असतील आणि डॉकर बसवल्यावर एखादा सर्व्हर सापडेनासा झाला, तर संशय डॉकर0 या ब्रिजवर घ्या. तो मुळात तोच पट्टा घेऊन बसतो.

अल्पाइनमध्ये परत या. एक फाइल बनवा, तिच्यात आजची तारीख लिहा, कॅट करून वाचा. आता एक्झिट. तीच डॉकर रनची ओळ पुन्हा चालवा आणि फाइल शोधा. नाही. इमेजचे थर वाचण्यापुरते असतात. तुमचं लिखाण त्यांच्यावरच्या एका पातळ थरात पडतं, आणि --आरएम सांगितल्यामुळे कंटेनरबरोबर तो थर पुसला गेला. आत्ताचा हा कंटेनर वेगळा, कोरा. या कोरेपणातच सगळी सोय आहे: बिघडलं तर फेका, नवा घ्या. पण जे टिकायला हवं ते आत ठेवायचं नाही, हा त्याच सोयीचा दुसरा अर्धा भाग. ते व्हॉल्यूममध्ये ठेवायचं. डॉकर व्हॉल्यूम क्रिएट म्हणून एक बनवा, -व्ही लावून तो जोडा, फाइल त्यात लिहा, कंटेनर मोडा, नवा करा. फाइल आहे. हे स्वतःच्या हाताने एकदा करून पाहा. वाचून ते अंगात उतरत नाही.

उद्यापासून तुम्ही कंपोज, म्हणजे एका फाइलमध्ये लिहून अनेक कंटेनर चालवणारं ते प्लगइन, वापरू लागाल, कारण सगळेच वापरतात, आणि कंटेनर गुंडाळायला डॉकर कंपोज डाउन म्हणाल. त्याने कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतो. त्याच ओळीच्या शेवटी -व्ही लावलं की त्या कंपोज फाइलमध्ये नोंदवलेले व्हॉल्यूमही जातात, ‘नक्की का?’ असं कुणी विचारत नाही, आणि परत आणायची कमांड डॉकरमध्ये नाही. ती दोन अक्षरं टाइप झाली की एंटरवरून बोट काढा आणि आधी बॅकअप घ्या.